सायलेन्सरमधून पांढरा धूर: हेड उतरवायच्या आधी काय काय तपासलं आणि शेवटी खरं कारण काय निघालं

गाडी चार सिलेंडर पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी), बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचं वरचं झाकण), रनिंग १ लाख १८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तापलेल्या कुठल्याही अॅल्युमिनियम हेडच्या गाडीला हे होऊ शकतं. कोल्हापुरात कुणाला हेच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून तारखेनुसार लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे, धूर बघून लगेच हेड खोलू नका, आधी पाणी कुठं जातंय ते शोधा, आणि गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलंच असेल तर ते का गेलं हे कळेपर्यंत काम संपलं असं समजू नका.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत कोकणातनं परत येताना साखरप्याकडनं आंबा घाट चढताना गाडी तापली, काटा लाल पट्टीला टेकला, कडेला घेतली, पूर्ण थंड झाल्यावर पाणी घालून हळूहळू घरी आणली. मग एका गॅरेजला दाखवली, त्यांनी थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा) काढून टाकला आणि सांगितलं आता तापायचा विषय संपला. तेव्हापासून स्टार्ट केली की मागनं पांढरा धूर.

आता नोव्हेंबरात सकाळी सगळ्याच गाड्यांच्या मागनं वाफ निघते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते थंड सायलेन्सरमध्ये वाफ होऊन दिसणारच. त्यामुळं पहिलं काम म्हणजे ही साधी वाफ आहे का दुसरं काही हे ठरवणं. सकाळी साडेसहाला गल्लीत गाडी चालू करून मागं उभा राहिलो. साधी वाफ पाइपपासून हातभर अंतरात विरते आणि इंजिन गरम झालं की बंद होते. आमचा धूर समोरच्या कंपाउंडपर्यंत तसाच लोंबकळत जात होता, आणि वीस मिनिटांनी इंजिन चांगलं गरम झाल्यावर पण रेस दिली की परत भसकन यायचा. वास गोडसर. कूलंटमधल्या (रेडिएटरच्या पाण्यातल्या) ग्लायकॉलचा वास तसाच असतो, एकदा कळला की विसरत नाही, पण नाक लावून हुंगत बसू नका, लांबनं पण कळतो.

पाइपच्या तोंडापाशी पांढरं फडकं धरलं. ओलं झालं, तेलाचा डाग नाही, पेट्रोलचा वास नाही. निळसर धूर असता तर ऑइल जळतंय, काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय असं धरलं असतं. डिझेल गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तुमच्याकडं थंड इंजिनला पांढरा धूर आणि डोळे चुरचुरणारा कच्च्या डिझेलचा वास असेल तर आधी ग्लो प्लग, इंजेक्टर आणि टायमिंग बघा, ती वेगळी लाइन आहे.

२० नोव्हेंबर

रिझर्व्ह टाकीला मास्किंग टेप लावून रोज सकाळी थंड इंजिनवर पेनानं खूण करतोय. लेव्हल रोज खाली जातीय आणि गाडीखाली एक थेंब नाही. होस, वॉटर पंपाची खालची बाजू, हीटरच्या पाइपा, पॅसेंजरच्या पायाखालचं मॅटिंग सगळं हात लावून बघितलं, कोरडं. म्हणजे पाणी आतच कुठंतरी जळतंय.

दरम्यान दोन ठिकाणी विचारलं. एकानं गाडीचं बॉनेट पण न उघडता रिंगा (पिस्टनभोवतीच्या) गेल्या म्हणून सांगितलं, पूर्ण इंजिन काम, ३५ ते ४० हजार. दुसऱ्यानं लीक बंद करायची पावडर टाकतो म्हणाला. ती पावडर मी घालू दिली नाही. ती जशी भोकात अडकते तशीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत पण अडकते, आणि ज्या गाडीला आधीच तापायचा आजार आहे तिच्यात ते घालणं म्हणजे दुसरं दुखणं विकत घेणं.

ऑइलची डिपस्टिक स्वच्छ. ऑइल भरायच्या टोपणाखाली मात्र पिवळट सायीसारखा थर. एवढ्यावरनं गॅस्केट गेलं म्हणू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आणि त्यातनं थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि तो थर असाच जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं तर मग काळजीचं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उद्यमनगरात ओळखीचे एक मिस्त्री आहेत, वय साठीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोलायचं कधीबी खोलता येतंय, आदी प्लग काढून आणा बघू."

चारी प्लग काढून नंबरवार ओळीत ठेवले. १, २ आणि ४ नेहमीसारखे तांबूस करडे. ३ नंबरचा एकदम धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ. वाफेनं त्याच्यावरचा कार्बन साफ झालेला. इथंच पहिला खरा धागा हाताला लागला.

मग कंप्रेशन गेज लावलं. इंजिन गरम, बॅटरी फुल, चारी प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचं कनेक्शन सोडलेलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. रीडिंग आली १२.५, १२.२, ११.८ आणि १२.४ किलो. म्हणजे जवळजवळ नॉर्मल! कंप्रेशन चांगलं आहे म्हणजे गॅस्केट चांगलं आहे असं बरेच जण धरून चालतात. गॅस्केट शेजारच्या दोन सिलेंडरच्या मध्ये फुटलं तर दोन्ही रीडिंग एकदम पडतात, पण पाण्याच्या वाटेकडं केसाएवढी फट असेल तर कंप्रेशन टेस्टला ती दिसतच नाही. निदान रिंगा गेल्या म्हणणाऱ्याचं उत्तर मिळालं, ३५ हजार वाचले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजच्या टेस्टनं सगळा निकाल लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांकडनं कूलिंग सिस्टीमचा हातपंप आणला. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढून तिथं पंपाचं तोंड बसवायचं आणि कॅपवर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच भरायचा, आमच्या कॅपवर ०.९ आहे. त्याच्यावर जाऊ नका, जुन्या होस फुटतात. काल संध्याकाळी ०.९ भरून गाडी तशीच सोडली. सकाळी काटा ०.४ वर. खाली जमीन कोरडी.

मग मोबाइलला लागणारा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातनं आत सोडला. २ नंबरच्या पिस्टनचं डोकं काळं, कार्बनचा कोरडा थर. ३ नंबरला कॅमेरा गेला आणि पिस्टनची कड चकचकीत अॅल्युमिनियम रंगाची दिसली, आणि २ नंबरकडच्या बाजूला सिलेंडरच्या भिंतीला चिकटून एक हिरवा थेंब. कॅमेऱ्याचा लाइट हलवला की थेंब चमकायचा. पंपानं परत ०.९ भरलं आणि थांबलो, थोड्या वेळानं वरनं दुसरा थेंब ओघळत खाली आला. मामांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन, "आता सेल मारू नका आजिबात."

त्याचं कारण असं, सिलेंडरमध्ये पाणी साठलेलं असताना प्लग लावून स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग बाहेर ठेवून इंजिन फिरवलं, ३ नंबरच्या भोकातनं हिरवं पाणी फवाऱ्यानं बॉनेटला लागलं. डोळे लांब ठेवा.

२६ नोव्हेंबर

खात्रीसाठी निळ्या लिक्विडची टेस्ट पण केली. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या लिक्विडमधनं ओढायची, जळलेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड त्यात आला की निळ्याचं पिवळं होतं. थंड इंजिनवर निळंच राहिलं. इंजिन गरम करून रेस देत परत केली तेव्हा हिरवट होत होत पिवळं झालं. हेड गरम झाल्यावर फट जास्त उघडते, म्हणून थंड इंजिनवर ही टेस्ट करून पास समजू नका. आणि आधी रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी करून घ्या, कूलंट लिक्विडमध्ये ओढलं गेलं की टेस्ट बाद.

१ डिसेंबर, रविवार

हेड उतरवलं. मामा आणि मी, मामांच्याच शेडमध्ये. कूलंट कॅनमध्ये काढून झाकण लावून ठेवलं. ही गोष्ट कळकळीनं सांगतोय, कूलंट गटारात किंवा अंगणात सांडू नका, ग्लायकॉल गोड लागतं म्हणून कुत्री मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात.

प्रत्येक होस आणि कनेक्टरला टेप लावून नंबर टाकले, फोटो काढले. टायमिंगच्या खुणा जुळवून मग बेल्ट काढला. हेडचे बोल्ट बाहेरनं आत, थोडे थोडे करत सैल केले, एकदम एकच बोल्ट काढला तर हेड अजून वाकतं.

अर्धा दिवस गेला तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या एका स्टडमध्ये. गंजून बसलेला, पेनिट्रेटिंग ऑइल मारलं होतं तरी पाना लावल्यावर मुळातच तुटला. शेवटी शेजारच्या वेल्डरला बोलावून तुटक्या तोंडावर नट वेल्ड करून घेतला, त्या उष्णतेनं स्टड सैल झाला आणि निघाला. तुमची गाडी जुनी असेल तर आदल्या रात्रीच ऑइल मारून ठेवा आणि वेल्डर कुठं मिळतो ते माहीत असू दे, उद्यमनगरात तो प्रश्न येत नाही.

गॅस्केट हातात आल्यावर जागा स्पष्ट दिसली. २ आणि ३ च्या मधल्या पट्ट्यापाशी, ३ नंबरची लोखंडी रिंग पाण्याच्या भोकाकडं दबून काळी पडलेली.

३ डिसेंबर

माझा मावसभाऊ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तिथं कास्टिंगला चीर आहे का बघायला डीपी टेस्ट करतात, लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे कॅन. तो संध्याकाळी ते घेऊन आला. हेड धुऊन कोरडं केलं, लाल डाय मारून पंधरा मिनिटं थांबलो, वरवर पुसून घेतलं आणि पांढरा डेव्हलपर मारला. बघता बघता ३ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती लाल रेघ उमटली. माझ्या पोटात गोळा आला, हेड चिरलं असेल तर खर्च पार बदलतो.

भाऊ म्हणाला थांब, सगळ्या व्हॉल्व्हभोवती बघ. खरंच, सगळीकडं तसाच गोल. व्हॉल्व्ह सीट ही हेडमध्ये दाबून बसवलेली वेगळी रिंग असते, तिच्या सांध्यात डाय राहते आणि ती गोल रेघ येतेच. चीर असली तर ती सांध्यातनं बाहेर पडून वेडीवाकडी, बहुतेक दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद भागात जाते. तशी कुठंच नव्हती. तरी डायनं फक्त वरच्या चिरा कळतात, आतली पाण्याची वाट कळत नाही, म्हणून हेडवाल्याकडं पाण्याच्या वाटा बंद करून, हवा भरून, गरम पाण्यात बुडवून पण बघून घेतलं. बुडबुडा नाही.

५ डिसेंबर

हेडवर सरळ पट्टी ठेवून खालनं फिलर गेज घातलं. उभं, आडवं आणि दोन्ही कर्णांत. आमच्या मॅन्युअलला लिमिट ०.०५ मिमी आहे, आमचं २ आणि ३ च्या मध्ये ०.१२ निघालं. फेसिंग (मशिनवर घासून सपाट करणं) मारून घेतलं, लागेल तेवढंच काढायला सांगितलं, कारण जास्त काढलं की कंप्रेशन वाढतं आणि पेट्रोल इंजिन नॉक करायला लागतं. त्यांच्याकडंच व्हॉल्व्ह लॅप करून नवीन ऑइल सील बसवले, मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, पोर्टातनं पाझर नाही.

ब्लॉकचा फेस मी साफ केला. पट्टीनं खरवडून, फडक्यानं पुसून. ग्राइंडरवरची पॉलिश डिस्क लावू नका कितीही घाई असली तरी, तिचे कण ऑइलच्या वाटेत जातात आणि बेअरिंग खातात. ब्लॉक पण पट्टीनं तपासला, तो लिमिटमध्ये.

७ डिसेंबर

आजचा दिवस वाया. गॅस्केट किट आणलं होतं ते पेटीवरच्या नंबरानं बरोबर होतं, पण ब्लॉकवर ठेवून बघितलं तर मागच्या बाजूचं एक पाण्याचं भोक बंद पडत होतं. त्याच इंजिनच्या आधीच्या व्हर्जनचं निघालं. तसंच लावलं असतं तर इंजिन चाललं असतं पण मागच्या सिलेंडरला पाणी कमी पडलं असतं. जुनं गॅस्केट सोबत घेऊन दुकानात जा आणि एकावर एक ठेवून भोकं मोजा. चेसिस नंबर दाखवून दुसरं मागवलं.

८ डिसेंबर, रविवार

बसवलं. बोल्टची भोकं हवेनं फुंकून पूर्ण कोरडी केली. ह्या गोष्टीला पाच मिनिटं लागतात आणि बरेच जण ती सोडतात. बंद भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबून ब्लॉकला चीर पाडू शकतं, आणि टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा) खोटं सांगतो. बोल्ट नवीन घेतले. मधनं बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यानं. गॅस्केटला सिलिकॉन लावलं नाही, लावायचं नसतं. नवीन बेल्ट आणि टेन्शनर घालून क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवला, खुणा परत जुळल्या, कुठं अडकलं नाही, मगच पुढं.

थर्मोस्टॅट नवीन बसवला. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी गरम करून थर्मामीटर सोबत बुडवला, ८२ अंशांचा आहे, त्याच्या आसपास उघडायला लागला. ऑइल आणि फिल्टर नवीन.

९ डिसेंबर

कूलंट भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून कॅप उघडी ठेवून हवा काढली, स्टार्ट केली. आवाज एकदम गोड, आणि मागनं पांढरा धूर, पहिल्यापेक्षा जास्त!

मी गार पडलो. मामा शांत होते. "सायलेन्सरात म्हैनाभर पाणी साठलंय, ते कुठं जाणार, चालू दे." सांगायचा मुद्दा, कूलंट सायलेन्सरमध्ये आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसलेलं असतं, ते उडायला वेळ लागतो. पाऊण तास चालवल्यावर कमी होत होत बंद झालं. हे माहीत नसल्यानं काही लोक त्याच दिवशी परत हेड उतरवतात. खात्रीसाठी रात्रभर परत ०.९ दाब भरून ठेवला, सकाळी काटा जागेवर.

१५ डिसेंबर, रविवार

शहरात आठवडाभर गाडी एकदम नीट. पण ती तापली होती घाटात, म्हणून टेस्टपण चढावरच पाहिजे. पन्हाळ्याला निघालो, वीस किलोमीटर आणि शेवटी खडी चढण. ऊस वाहतूक चालू असल्यानं केर्लीच्या पुढं दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलो. वाघबीळच्या पुढं काटा नेहमीच्या जागेवरनं वर सरकायला लागला. फॅन चालू होता, फुल फिरत होता. लाल पट्टीच्या बऱ्याच आधी बाजूला घेतली, हीटर फुल लावून थंड होऊ दिली आणि तिथनंच परत आलो.

म्हणजे गॅस्केट हा परिणाम होता. तापायचं कारण तसंच शिल्लक होतं, आणि असंच चालवत राहिलो असतो तर नवीन गॅस्केट पण गेलं असतं.

१७ डिसेंबर

मावसभावानं कंपनीतली टेंपरेचर गन आणली. गाडी जागेवर गरम करून रेडिएटर पुढनं चौकटी चौकटीनं मोजला. इनलेटच्या बाजूला ९० च्या आसपास, आणि खालच्या मधल्या भागात मोठा पट्टा ५० च्या पण खाली. तिथनं पाणी वाहतच नाही. खालची होस काढून बघितली, आत पांढरा कडक थर. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, त्यातला क्षार नळ्यांत बसला. शहरात निम्म्या रेडिएटरवर भागत होतं, चढावर लोड आला की कमी पडायचा.

जुने पितळी रेडिएटर उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करता यायचे, आमचा अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक टाकीचा, तो तसा साफ होत नाही. नवीन घातला. कॅप पण नवीन घेतली, कारण कॅपनं ०.९ चा दाब धरला तरच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, जुन्या कॅपचं रबर कडक होऊन दाब सोडत होतं. वरची खालची होस बदलली. आता तयार मिक्स कूलंटच, बोअरचं पाणी बंद.

२२ डिसेंबर, रविवार

परत पन्हाळा, मुद्दाम दुपारी, एसी लावून, चार माणसं बसवून. वर पोचेपर्यंत काटा हलला नाही. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून मागं जाऊन बघितलं, धूर नाही, वास नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर परत बदलला, आत राहिलेला ओलावा निघून जावा म्हणून. टोपणाखालचा थर आता नाही. कंप्रेशन परत घेतलं, चारी सिलेंडर १२.८ च्या आसपास. थर्मोस्टॅट परत आल्यानं अॅव्हरेज पण सुधारलं.

खर्च असा: गॅस्केट किट २,१००, हेड बोल्ट १,१००, फेसिंग, टेस्टिंग आणि व्हॉल्व्हचं काम १,८००, बेल्ट टेन्शनर २,२००, थर्मोस्टॅट ६५०, दोन वेळचं ऑइल फिल्टर ३,०००, कूलंट १,१००, रेडिएटर ३,८००, होस आणि कॅप ९००, वेल्डर ३००, कॅमेरा आणि निळं लिक्विड १,९००, मामांची मजुरी ३,५००. एकूण २२,३५०. मामा मजुरी अजून कमी घ्यायला तयार होते, मी कमी दिली नाही, त्यांच्या शेडमध्ये गाडी बरेच दिवस जागा अडवून होती.

हीटरच्या कोरमध्ये पण तसाच क्षार असणार, कारण डाव्या बाजूची हवा कमी गरम येते. तो कोर उलट्या बाजूनं पाणी सोडून साफ करायचा आहे, ते फेब्रुवारीत करणार.